बी, भाकरी आणि बांध: होटगीच्या आत्याचे कानमंत्र

पोरी, होटगीचं रान आता तू बघणार म्हणालीस, बरं वाटलं. चार गोष्टी लिहून देते. पाठ करू नकोस, परीक्षा नाही घ्यायची. फक्त चहा गार होऊ देऊ नकोस.

१. बाजारातलं कुठलंही बी आण, पण घरची मालदांडी एका डब्यात निराळी ठेव – मोहोळच्या केंद्रातली नावाजलेली एम ३५-१ आपल्याकडच्या मालदांडीतूनच निवडलेली आहे. शास्त्रज्ञांनाही शेवटी शेतकऱ्याच्या कणगीत हात घालावा लागला.

२. बियाण्याची कणसं रानाच्या मधून काढ, बांधालगतची नको – ज्वारी बहुतेक आपल्याच परागावर दाणे भरते, पण शेजारच्या वाणाचा थोडा पराग वाऱ्यावर येतोच, आणि कडेला जास्त येतो. एकाच टपोऱ्या कणसावर भाळू नकोस, बऱ्याच ताटांची घे. सगळी ताटं सारखी नसतात म्हणून तर एखाद्या वाईट वर्षीही निम्मं रान तगतं.

३. पेरणीआधी बियाण्याला किलोमागं ४ ग्रॅम बारीक गंधक चोळ – काणीची बुरशी बियाच्या सालीला चिकटून शेतात जाते, आणि मग कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते.

४. हुरड्याला गूळभेंडीच्या चार ओळी वेगळ्या लाव – दाणा दुधाळ असतो तेवढ्याच दिवसांत साखर असते, उशीर झाला की तिचं पीठ होतं. हुरडा आणि जावई, वेळेवर बोलावले तरच गोड.

५. कोवळ्या ज्वारीत गुरं कधी सोडू नकोस, पावसानं ओढ दिलेली असेल तर बांधावरूनसुद्धा जपून ने – त्या पानांत असं द्रव्य असतं की चावल्यावर त्यातून सायनाइडचं विष सुटतं. त्यालाच आपण किरळ लागणं म्हणतो, आणि डॉक्टर येईपर्यंत जनावर हातचं जातं. कापणीनंतर धाटाला फुटलेले हिरवेगार फुटवे सगळ्यांत फसवे. तीच ज्वारी पोसवून, वाळून कडबा झाली की गुरांनी खुशाल खावी. झाडाला आपलं लहानपण राखायचं असतं, एवढंच.

६. ज्वारीत करडईच्या ओळी टाक, कडेला तर नक्कीच – काट्यांमुळं जनावर आत शिरत नाही. शिवाय तिचं मूळ खोल जातं, ज्वारीचा हात पोचत नाही तिथली ओल काढतं.

७. हरभरा नाहीतर तूर फेरपालटात ठेवच – त्यांच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू बसून हवेतला नत्र मातीत आणतात. खरं वाटत नसेल तर फुलाच्या आधी हरभऱ्याचं एक झाड मुळासकट हळूच उपट, गाठ नखानं चीर. आत गुलाबी दिसलं तर कारखाना चालू आहे, हिरवट-पांढरं दिसलं तर कामगार संपावर आहेत.

८. फवारणी करायचीच झाली तर संध्याकाळी, मधमाश्या पोळ्याकडं गेल्यावर – सूर्यफुलात माशी फिरली नाही तर दाणे पोचट राहतात, मग औषधाचा खर्च वर.

९. सगळं रान डाळिंबाखाली घालू नकोस, शेजारच्याचं बघून तर नाहीच – भगव्याची झाडं गुटीकलमाची, म्हणजे सगळी एकाच झाडाची हुबेहूब नक्कल. एकाला तेल्या लागला की कुणाकडंच वेगळी ढाल नसते. १८४५ च्या सुमारास आयर्लंडात गरिबाच्या ताटात जवळजवळ एकाच वाणाचा बटाटा होता, तो करप्यानं गेला आणि लाखो माणसं उपासमारीनं मेली. थोडं डाळिंब जरूर लाव. रोपं रोगमुक्त बागेतलीच घे, एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना छाटणीची कात्री निर्जंतुक कर, आणि अडलं तर केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथं जाऊन विचार. विचारायला लाज कसली?

१०. पेव उघडलं की लगेच कुणाला आत उतरवू नकोस – धान्य मेलेलं नसतं, ते श्वास घेतं, आणि बंद जागेतला प्राणवायू संपवून बसतं. बराच वेळ वारं लागू दे, मग कंदील खाली सोड. विझला तर कुणीच उतरायचं नाही, जळत राहिला तरी कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीतच.

११. ज्वारी थोडी थोडी दळून आण, आणि पीठ उकळत्या पाण्यात मळ – हिच्यात गव्हासारखा चिकटपणा नाही, गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुलतो म्हणून भाकरी थापता येते. जुन्या, विरी गेलेल्या पिठाची भाकरी तुटली तर सासूला दोष देऊ नकोस.

१२. भाकरीबरोबर डाळ, उसळ, पिठलं काहीतरी असू दे – ज्वारीत लायसिन कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. वर लिंबू पिळ, लोह अंगी लागतं.

१३. शेंगा चटणीचे दाणे एकेक निवडून घे. बुरशीचा, काळवंडलेला, कडवट दाणा फेकून दे – त्यातलं अफ्लाटॉक्सिन भाजूनही पुरतं जात नाही आणि यकृताला बाधतं. गंमत बघ, भुईमूग आणि मिरची दोन्ही अमेरिकेतून आलेली, ज्वारी आफ्रिकेतली, आणि आपण छाती फुगवून म्हणतो, अस्सल सोलापुरी! म्हणावंच. पाहुण्यांनी घर भरलं, तेव्हा कुठं ताट भरलं.

१४. येळवशीची भज्जी कुकरमध्ये दोन भाज्यांवर उरकू नकोस – मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला रानात ओला हरभरा, तूर, वाल, वाटाणा, मेथी, कांद्याची पात असं सगळं एकदम हाताशी असतं, ते एका पातेल्यात पडलं की वर्षाची हजेरी लागते. जे मिळालं नाही ते लिहून ठेव, पुढच्या वर्षी बांधाला तेवढंच लावायचं. आंबील मी आदल्या दिवशी आंबवून आणीन, तू उंडे कर. चिंच विकत आणू नकोस, विहिरीजवळच्या झाडाची पुरते.