जुन्या गाड्यांचा सीबी पॉइंट : तपासणी व जुळवणी

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस प्रीमियर पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन तर २०१४ मध्येच थांबले होते. त्यामुळे सीबी पॉइंटचे काम संपले असे समजून अनेक कारागीर बंधूंनी फिलर गेज पेटीच्या तळाशी टाकून दिला आहे. आमचे मत वेगळे आहे. घरची जुनी गाडी जिवापाड सांभाळणारे मालक मुंबई-पुण्यात आजही आहेत आणि त्यांना हे काम जाणणारा मिस्त्री शोधावा लागतो. नवीन शागीर्दाला स्कॅनर लावता येतो, पण डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडली की त्याचा हात थांबतो. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

पॉइंट म्हणजे एक स्विच. तो बंद असताना बॅटरीचा करंट कॉइलमधून वाहतो; कॅमच्या कोपऱ्याने तो उघडला की करंट तुटतो आणि कॉइल प्लगला हजारो व्होल्टचा झटका देते. उघडताना पॉइंटवर ठिणगी पडून तो जळू नये आणि करंट एकदम तुटावा, यासाठी कंडेन्सर असतो. चार सिलिंडरचे इंजिन ३००० आरपीएमवर चालले तर पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतो. एवढे काम करणारी वस्तू झिजणारच. प्रश्न इतकाच, की ती नुसती झिजली आहे की तिला दुसऱ्या कोणाचा आजार लागला आहे?

म्हणून जुना पॉइंट काढला की लगेच फेकू नये. आधी उजेडात धरून त्याचे तोंड पाहावे. राखाडी, किंचित खरखरीत तोंड म्हणजे सर्व ठीक. काळे, चिकट तोंड म्हणजे तेल किंवा ग्रीस उडाले आहे. कॅमवर कोणीतरी सढळ हाताने ग्रीस लावले किंवा शाफ्टचे बुश गेले. निळसर जळालेले तोंड दिसले तर कंडेन्सर व त्याचा अर्थ तपासावा, आणि चार्जिंगचे व्होल्टेजही मोजावे; बिघडलेला कटआउट-रेग्युलेटर नवा पॉइंट पुन्हा जाळतो. थोड्याच दिवसांत एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ आले असेल तर पहिला संशय कंडेन्सरवर घ्यावा. हे न पाहता पॉइंट बदलून दिला तर गाडी आठवडाभर छान चालते, मग गिऱ्हाईक परत येते आणि दुसऱ्यांदा पैसे मागताना आपलीच मान खाली जाते.

कंडेन्सरबाबत एक इशारा. पॉइंटबरोबर कंडेन्सरही बदलायचा ही जुनी पद्धत होती, तेव्हा माल चांगला मिळत होता. आज डबीत नवा दिसणारा कंडेन्सर जुन्यापेक्षा लवकर बसू शकतो. चालू असलेला कंपनीचा कंडेन्सर उगाच काढू नये. शंका असेल तर खात्रीचा दुसरा लावून गाडी तापेपर्यंत चालवून पाहावी, कारण काही कंडेन्सर थंड असताना शहाण्यासारखे वागतात.

आता तपासणी. इग्निशन चालू करून कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील टर्मिनलला टेस्ट लॅम्पचे एक टोक व बॉडीला दुसरे लावावे. पॉइंट उघडा असताना दिवा लागला पाहिजे, बंद होताच विझला पाहिजे. मीटर असेल तर पॉइंट बंद ठेवून त्याच जागी व्होल्टेज मोजावे; पाव व्होल्टच्या आतच असावे. जास्त आले तर पॉइंटचे तोंड तरी खराब, नाहीतर आतल्या प्लेटची अर्थची बारीक वायर तुटायला आली आहे. ती वायर व्हॅक्युमबरोबर हलत राहते आणि कापडी आवरणाच्या आत तुटते. वरून धडधाकट दिसते. तपासणी झाली की चावी बंद करावी, नाहीतर कॉइल तापते.

जुळवणीसाठी गाडी टॉप गियरमध्ये टाकून थोडी ढकलावी, म्हणजे पॉइंटची फायबरची टाच कॅमच्या बरोबर कोपऱ्यावर येईल. पद्मिनीला गॅप ०.४२ ते ०.४८ मिलिमीटर, अ‍ॅम्बेसेडरच्या ल्युकास डिस्ट्रिब्युटरला १४ ते १६ थाऊ, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. मात्र अनेक गाड्यांचे डिस्ट्रिब्युटर मधल्या काळात बदलले गेले आहेत. कुर्ल्याहून किंवा चोरबाजारातून आलेला असेल तर गाडीचे नाव न पाहता डिस्ट्रिब्युटरवरचे नाव पाहावे. स्क्रू सैल करून, गेज हलकासा अडकून सरकेल इतका गॅप ठेवावा, स्क्रू आवळावा आणि पुन्हा मोजावे. आवळताना तो हमखास हलतो. नंतर बाकीच्या तीन कोपऱ्यांवरही मोजावे. चारही ठिकाणी वेगवेगळा गॅप आला तर शाफ्ट डुगडुगतो आहे. तिथे आधी बुश करावे लागेल, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे.

गेजची पाती पेट्रोलने पुसलेली असावी, आणि नव्या पॉइंटवरचा तेलाचा थरही. पॉलिश पेपरने पॉइंट घासू नये, त्याचे कण तोंडात रुततात. बारीक कानस बरी. आणि खड्डा पडलेल्या पॉइंटवर गेजचा भरवसा धरू नये: पाती टेंगळावर टेकते, खड्डा मोजलाच जात नाही, खरा गॅप जास्त असतो. तिथे ड्वेल मीटर हवा. चार सिलिंडरला दर ठिणगीमागे कॅम ९० अंश फिरतो. त्यांपैकी या गाड्यांत साधारण ६० अंश पॉइंट बंद राहिला पाहिजे. गॅप वाढला की ड्वेल कमी होतो.

टायमिंग नेहमी गॅपनंतर. गॅप वाढला तर पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे जाते. टाच झिजून गॅप कमी झाला की मागे पडते. टायमिंग लावून झाल्यावर कोणी पॉइंटला हात लावला तर ते सगळे काम पुन्हा करावे लागते. गाडी ओढत नाही म्हणून नुसता डिस्ट्रिब्युटर फिरवून देणारे मिस्त्री आहेत. पाच मिनिटांत गाडी ओढू लागते खरी, पण बंद पडत चाललेला गॅप तसाच राहतो.

काही मालक इलेक्ट्रॉनिक किट बसवायला सांगतात. बसवून द्यावे, त्यात वाईट काही नाही. फक्त पॉइंट, कंडेन्सर आणि एक फिलर गेज पुडीत बांधून गाडीत ठेवायला सांगावे. किट बिघडले की बहुधा न सांगता बिघडते. पॉइंट आधी कुरकुर करतो आणि कसारा घाटात कडेला थांबूनही पुसता येतो.

कॅप लावण्यापूर्वी कॅमवर मुगाच्या डाळीएवढे ग्रीस आणि रोटरखालच्या नमद्यावर तेलाचे एक-दोन थेंब पुरेत. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला लवकर बसते, तेव्हा ५०० किलोमीटरनंतर गाडी एकदा बोलवावी आणि गॅप पाहून द्यावा. त्या फेरीचे पैसे पहिल्या बिलातच धरलेले बरे. बिलावर गॅप व ड्वेलचे आकडे लिहावेत, म्हणजे पुढच्या वेळी किती फरक पडला ते कळेल.