शाळेत नर्स ठेवायची तर खर्च किती?

नाशिकला दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात माल उतरवणाऱ्या बापाला सकाळी साडेदहाला शाळेतून फोन येतो: मुलीला ताप आहे, घेऊन जा. तो हातातलं काम टाकून निघतो आणि त्या दिवसाचा खाडा पडतो. मुलगी तोवर ऑफिसबाहेरच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली असते. ताप खरंच किती आहे, घरी न्यायला हवं की ताबडतोब दवाखान्यात, की तासभर आडवं केलं आणि पाणी पाजलं तरी भागेल, हे सांगणारं माणूस शाळेत नसतं. फोन करणाऱ्या बाईंना दोष देता येत नाही. त्यांच्या वर्गात चाळीस मुलं बसलेली असतात.

पंचवटीत पेठ रोड, फुलेनगर, हिरावाडी, म्हसरूळ कुठेही पालकांशी शाळेबद्दल बोलायला बसलं की कधी ना कधी हा विषय निघतो, आणि ‘शाळेत नर्स ठेवणं परवडणार आहे का?’ या प्रश्नावर येऊन थांबतो. पुढे कोणी हिशेब मांडत नाही. तो आज मांडू.

नोंदणी असलेली एक पूर्णवेळ नर्स ठेवायला वर्षाला साधारण तीन लाख रुपये लागतात. शाळेत ५०० मुलं असतील तर मुलामागे वर्षाला ६१०, म्हणजे महिन्याला ५१ रुपये पडतात.

आकडा कसा आला

पगारासाठी मी सरकारचाच आधार घेतला आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या महाराष्ट्रातल्या कंत्राटी भरतीच्या जाहिरातींत स्टाफ नर्सला महिना २०,००० आणि एएनएमला (आरोग्यसेविकेला) १८,००० रुपये एकत्रित मानधन दिसतं. सरकारी वेतनश्रेणीतल्या आरोग्यसेविकेचं मूळ वेतनच २५,५०० रुपयांपासून सुरू होतं आणि त्यावर भत्ते असतात. तेव्हा २०,००० हा आकडा उदार मुळीच नाही. त्याखाली उतरू नये, एवढंच त्याचं मोल.

२०,००० दराने बारा महिन्यांचे २,४०,००० होतात. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेला भविष्य निर्वाह निधी भरावा लागतो. १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर प्रशासकीय आकार धरून मालकाचा वाटा सुमारे १३ टक्के, म्हणजे वर्षाला २३,४०० रुपये. ग्रॅच्युइटीसाठी वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराएवढी, सुमारे ११,५०० रुपयांची रक्कम बाजूला काढावी. बेरीज २,७५,००० च्या आसपास जाते. कापूस, पट्ट्या, जंतुनाशक, ओआरएस, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, नोंदवह्या यांसाठी मुलामागे वर्षाला ६० रुपये धरले, तर ५०० मुलांचे ३०,००० होतात. एकूण ३,०५,०००.

काही संस्था मे महिन्याचा पगार वाचवण्यासाठी दहा-अकरा महिन्यांचाच करार करतात. माझं स्पष्ट मत आहे की ही बचत करू नये. सुट्टीत घर चालवण्यासाठी ती नर्स दुसरीकडे नोकरी धरते आणि जूनमध्ये परत येत नाही. मग कोणत्या मुलाला फिट येते, कोणाला दमा आहे, कोणत्या मुलीला इन्सुलिन लागतं, ही वर्षभरात जमवलेली माहिती तिच्याबरोबरच जाते.

सुरुवातीचा एकदाच होणारा खर्च वेगळा. खाट, कुलपाचं कपाट, वजनकाटा, उंचीची पट्टी, लहान मुलांच्या दंडाला बसेल अशा कफचं रक्तदाबाचं यंत्र, थर्मामीटर, ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, वाफेचं यंत्र, नजर तपासायचा तक्ता एवढं घेतलं तर माझ्या अंदाजाने ३० ते ४० हजारांत बसतं. दोन-तीन दुकानांतून दरपत्रक मागवा. या यादीत न मावणारी गोष्ट म्हणजे नळ असलेली, दार लावता येणारी छोटी खोली. सहावी-सातवीतली मुलगी पाळीबद्दल बोलायला येते, तेव्हा ऑफिसच्या कोपऱ्यातल्या पडद्याने भागत नाही.

फुकट काय मिळतं

नवा पैसा मागण्याआधी जे आपल्या हक्काचं आहे ते शाळेत येतं का, हे पाहायला हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून देशभर सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक नर्स किंवा एएनएम आणि एक औषधनिर्माता असावा अशी रचना आहे. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा येतं. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर या चार गोष्टी ते तपासतं, आणि पुढचे उपचार, गरज पडली तर शस्त्रक्रियाही, मोफत होतात. हृदयाला छिद्र असलेली किती तरी मुलं अशाच तपासणीत सापडतात.

शाळेतून दर आठवड्याला लोहाची गोळी मिळते. लहानांना गुलाबी, दहा वर्षांवरच्यांना निळी. जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोल दिलं जातं. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस असते. यांपैकी कशालाही पालकांनी पैसे मोजायचे नसतात. पंचवटीत महापालिकेचं इंदिरा गांधी रुग्णालय आहे, त्र्यंबक रोडला जिल्हा रुग्णालय आहे, आणि १०८ ची रुग्णवाहिका मोफत येते.

म्हणजे सरकारी नर्स शाळेत येते, पण वर्षातून एक दिवस. पथक शेवटचं कधी आलं, किती मुलांना पुढे पाठवलं, त्यांतली किती खरोखर पोहोचली, हे मुख्याध्यापकांना विचारा. उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. अर्ज नम्र ठेवा. पथकातली माणसं बहुतेक कंत्राटी असतात आणि त्यांच्या वाट्याला शाळाही फार येतात.

रोजच्या नर्ससाठी पैसा कुठे आहे?

आज शाळेच्या नेहमीच्या तिजोरीत तो नाही, हे आधी मान्य करू. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, मैदान, कुंपण असं सगळं आहे, नर्स नाही. अनुदानित शाळेच्या संचमान्यतेतही हे पद नाही. समग्र शिक्षेतून सरकारी शाळेला पटानुसार संयुक्त शाळा अनुदान मिळतं: १०१ ते २५० मुलांना ५०,००० आणि २५१ ते १,००० मुलांना ७५,००० रुपये. त्यातून दुरुस्ती, वीजबिल, खडू, स्वच्छता सगळं भागवायचं असतं. ५०० मुलांच्या शाळेला नर्सवर लागणारा पैसा या पूर्ण अनुदानाच्या चौपट आहे. ‘अनुदानातून करा’ असं सांगणाऱ्याला हा आकडा दाखवा.

पद मंजूर असलं की काय होतं, ते फार लांब न जाता दिसतं. दिंडोरी तालुक्यात खेडगावला जवाहर नवोदय विद्यालय आहे. नवोदय निवासी असल्यामुळे तिथल्या मंजूर पदांतच स्टाफ नर्स असते. केंद्रीय विद्यालयं कंत्राटी पद्धतीने नर्स घेतात. आपल्या मुलांच्या वाट्याला मात्र ‘नियमात नाही’ हे उत्तर येतं.

तरी या कामावर सरकारी तिजोरीतून खर्च होण्याची रीत इथे नवी नाही. भारतात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी पहिल्यांदा १९०९ मध्ये बडोद्यात झाली. तेव्हा गादीवर होते सयाजीराव गायकवाड, आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे.

छोट्या शाळांना मात्र सगळ्यात उपयोगी धडा न्यूयॉर्कचा आहे. तिथे ऑक्टोबर १९०२ मध्ये लीना रॉजर्स नावाच्या नर्सला चार शाळा देऊन महिनाभराचा प्रयोग झाला. तोवर डॉक्टर खरूज, उवा, डोळे आलेली मुलं शोधून घरी पाठवत, आणि ती घरीच राहत. रॉजर्स शाळेतच औषध लावायच्या, घरी जाऊन आईला दाखवायच्या. मुलं वर्गात परतू लागली, आणि महिनाभरात शहराने आणखी नर्स नेमल्या. शहराचं मन वळलं ते हजेरीच्या आकड्यांनी.

हेच इथे करून पाहता येईल. अडीचशे-अडीचशे मुलांच्या, एकमेकींपासून चालत जाता येईल अशा चार शाळांनी मिळून एक नर्स घ्यावी. पगार व निधी २,७५,०००, साहित्य ६०,०००, येण्याजाण्याचे १८,००० असे ३,५३,००० होतात. हजार मुलांत वाटले तर मुलामागे वर्षाला ३५३, महिन्याला तीस रुपयांच्या आत. प्रत्येक शाळेचा वाटा ८८,२५०. वार ठरलेले असावेत, आणि बाकीच्या दिवशी फोनवर विचारता यावं. रोज इन्सुलिन लागणारं मूल असेल तर ही सोय पुरणार नाही. त्या शाळेला रोजचं माणूसच हवं.

कोणाकडे, केव्हा

हा विषय बहुतेक जण जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर काढतात. तोवर पैसे वाटून झालेले असतात. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की तो काढायचा.

महापालिकेची शाळा असेल तर रस्ता शाळा व्यवस्थापन समितीतून जातो. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तिनेच करायचा असतो. त्या आराखड्यात ‘चार शाळांत मिळून एक नर्स’ अशी मागणी रकमेसह लिहा. ठरावाची प्रत शिक्षण विभागाच्या प्रशासनाधिकाऱ्यांना, दुसरी महापालिकेच्या वैद्यकीय विभागाला आणि तिसरी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना द्या, आणि पोच घ्या. आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे साधारण फेब्रुवारीत येतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कागद पोहोचला तरच तो त्यात शिरू शकतो. एकेका शाळेचा अर्ज सहज बाजूला पडतो, म्हणून चारही शाळांचे ठराव एकाच दिवशी द्या.

खासगी विनाअनुदानित शाळेत खर्च फीमधूनच येणार. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे व्यवस्थापनाने नव्या फीचा प्रस्ताव शैक्षणिक वर्षाच्या सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. जूनची शाळा म्हणजे डिसेंबर. फीपत्रकात ‘मेडिकल’ नावाखाली हजार-दीड हजार दिसले तर तीन गोष्टी विचारा: नर्स शाळेत किती तास असते, ती रजेवर गेली तर कोण येतं, आणि या रकमेतून तिला प्रत्यक्ष पगार किती जातो. वर आकडे दिले आहेत. हजार मुलांच्या शाळेत मुलामागे ३५० रुपयांच्या खूप वर रक्कम असेल तर समितीतल्या पालकांनी खर्चाचा तपशील मागावा. पंचवीस टक्के आरक्षणातून आलेल्या मुलांकडून ती घेऊ नये.

अनुदानित शाळेची स्थिती सगळ्यात अवघड. तिथे मला व्यवहार्य वाटतो तो कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा मार्ग. सातपूर-अंबडच्या मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावेच लागतात, आणि आरोग्य व शिक्षण दोन्ही त्याच्या यादीत आहेत. कंपन्या बहुधा खाट, वजनकाटा, फलक देऊ करतात, कारण त्यांचा फोटो निघतो. तुम्ही पगार मागा. कायद्यात चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं मिळू शकतात. खासदार निधी पगारासाठी वापरता येत नाही. त्यातून खोली बांधून मिळते का, तेवढं विचारावं.

आडगावला वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि दिंडोरी रोडवर आरोग्य विद्यापीठ. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना समाज आरोग्याच्या प्रशिक्षणासाठी शाळांत यावंच लागतं. नजर, दात, वजन-उंची यांच्या तपासणीला त्यांची मोठी मदत होईल. पण नर्सच्या जागी त्यांना बसवू नका. त्या शिकायला आलेल्या असतात.

नेमणूक करताना महाराष्ट्र परिचर्या परिषदेची चालू नोंदणी पाहिल्याशिवाय कोणालाही घेऊ नका. सहा महिन्यांचा कसला तरी कोर्स केलेली ‘नर्स’ आठ हजारांत मिळते, आणि मुलाला झटका आला की ती शिपाईदादांना हाक मारते. औषध द्यायचं तर पालकांची लेखी संमती आणि डॉक्टरांची चिठ्ठी दोन्ही फायलीत हव्यात.

नर्स येईपर्यंत एक वही सुरू करा. तारीख, इयत्ता, तक्रार, काय केलं, मूल घरी गेलं की वर्गात परतलं, आणि घरी गेलं तर न्यायला कोण आलं. नावं लिहू नका, हजेरी क्रमांक पुरे. जून ते ऑक्टोबरची पानं भरली की त्यांच्या झेरॉक्स काढून ठरावाला जोडा. त्या बाकावर पाच महिन्यांत किती मुलं बसली, आणि त्यांच्यासाठी किती जणांचा खाडा पडला, हे अंदाजपत्रकाच्या आधी कोणीतरी मोजलेलं असेल.