पास की तिकीट? : एका रोजच्या प्रश्नाचा अभ्यास

'पास' हा शब्द आम्हां विद्यार्थ्यांना वर्षातून दोनदा निकालाच्या फळ्यावर भेटतो आणि महिन्यातून एकदा एस.टी.च्या खिडकीवर. निकालातल्या पासवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. खिडकीवरच्या पासवर मात्र कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. येडशीहून धाराशिवला रोज ये-जा करणारी एक विद्यार्थिनी म्हणून हा विषय मी निवडला. पहिल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी स्थिर खर्च आणि बदलता खर्च शिकवला, तेव्हा वर्गात बहुतेकांनी कारखान्याचे उदाहरण उतरवून घेतले. मला मात्र त्या क्षणी माझ्या पिशवीतली तिकिटे आठवली.

प्रश्न दिसायला अगदी साधा आहे. पास काढला की महिन्याचा खर्च सुरुवातीलाच ठरून जातो, मग दहा दिवस जा की तीस दिवस जा. तिकिटाचे तसे नाही, जाल तेवढे द्याल. म्हणजे पास हा स्थिर खर्च झाला व तिकीट हा बदलता खर्च. 'किती दिवस गेले म्हणजे पास फायद्यात पडतो?' एवढेच काढायचे असते, आणि ते काढायला सातवीचे गणित पुरते.

येडशी ते धाराशिव अंतर सुमारे २० किलोमीटर. एस.टी.चे भाडे ६ किलोमीटरच्या टप्प्यावर आकारतात आणि जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाल्यापासून साध्या गाडीचा टप्पा दहा रुपयांच्या घरात गेला आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून एका बाजूचे भाडे ४० रुपये धरू. जाऊन-येऊन ८०. विद्यार्थ्यांच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तीन रुपयांतला एक रुपया आपण द्यायचा. महिन्याचे पूर्ण ३० दिवस धरले तर २,४०० रुपयांच्या प्रवासाला ८०० रुपये पडतात. माझा वर्गबंधू रोज तिकीट काढू लागला तर ८० रुपयांप्रमाणे दहाव्या दिवशीच त्याचे ८०० संपतात. अकराव्या दिवसापासून पासवाला फुकट जातो. तेव्हा मुलांच्या बाबतीत वादाला जागाच नाही.

मुलींच्या बाबतीत मात्र गणित फिरते. १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेखाली एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले. मला रोजचे ८० नव्हे, ४० रुपये लागतात. ८०० भागिले ४० म्हणजे २०. महिन्यात २० दिवसांहून अधिक गेले तरच मला पास परवडतो. २२ दिवस कॉलेज भरले तर तिकिटाचे ८८० होतात, पासाचे ८००. फरक ८० रुपयांचा. सणवार, परीक्षेची सुट्टी, घरातले लग्न आणि सोयाबीनची काढणी महिन्यात आली तर तोही उरत नाही. बारावीपर्यंत ही अडचण नव्हती. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा पास मोफत असतो. बारावी झाली आणि पहिल्यांदा खिडकीवर पैसे मोजायची वेळ आली, तेव्हा शिक्षण महाग झाल्याचे मला पुस्तकाबाहेर कळले.

आता रेल्वेचे पाहू. येडशीला रेल्वे नवी नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडी ते बार्शी अशी १८९७ मध्ये सुरू झाली आणि पुढे वाढत वाढत १९११ मध्ये लातूरला पोहोचली. अडीच फूट रुंदीच्या त्या मार्गावर येडशी होते, धाराशिव शहर नव्हते. रूळ रुंद करताना मार्ग वळवला आणि २००८ मध्ये कुर्डुवाडीपर्यंतचे काम पुरे झाले, तेव्हा कुठे जिल्ह्याचे ठिकाण या मार्गावर आले. आमच्या गावातील म्हातारी माणसे अजून त्या छोट्या गाडीच्या गोष्टी सांगतात. चढावर उतरून पायी चालावे आणि वर गेल्यावर पुन्हा गाडीत बसावे, असे ती म्हणतात. त्यात खरे किती आणि रंगवलेले किती, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक!

रेल्वेच्या मासिक पासाला १५० किलोमीटरची मर्यादा आहे. तिमाही पास मासिकाच्या तिप्पट किमतीला नसून २.७ पटीला मिळतो, म्हणजे तीन महिन्यांचे एकदम देणाऱ्याला थोडी सूट. विद्यार्थ्यांना त्यातही निम्मी सवलत आहे. आणि पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलींना घर ते कॉलेज या प्रवासाचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत आहे. माझ्या वर्गातील कितीतरी मुलींना ही गोष्ट ठाऊक नव्हती, म्हणून येथे मुद्दाम नोंदवते. मग मी रेल्वेने का जात नाही? येडशीला थांबणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत आणि त्यांच्या वेळा काही आमच्या कॉलेजची घंटा पाहून ठरवलेल्या नाहीत. शिवाय स्टेशनपासून शहरात यायला पुन्हा रिक्षा आलीच. मोफत पासावर रिक्षाचे भाडे चढले की तो मोफत राहत नाही. ज्यांना वेळ जुळते त्यांनी मात्र जरूर विचार करावा.

येथवरचे गणित कोणीही मांडील. पण गेल्या वर्षी मी एका वहीत रोजचा खर्च लिहीत गेले आणि त्या वहीने मला वेगळेच काही दाखवले.

पहिल्या वर्षी जूनमध्ये पास काढायचा म्हटल्यावर आप्पा म्हणाले, "एकदम एवढे? त्यापरीस रोजचं रोज घेत जा की." त्यांचे चुकले नव्हते. आमच्या घरात पैसा येतो तो रोजंदारीचा, आणि आईच्या खुरपणीचा बाजाराच्या दिवशी. महिन्याच्या एक तारखेला ८०० रुपये एकत्र बसलेले आमच्या घराने क्वचित पाहिले असतील. ज्याला पगार आहे तो महिन्याचा पास काढतो, ज्याच्यापाशी शिल्लक आहे तो तिमाही काढतो आणि ज्याच्यापाशी काहीच नाही तो रोज सुटे मोजतो. एस.टी.च्या सर्वसाधारण पासातही तेच आहे. २० दिवसांचे भाडे भरा आणि ३० दिवस फिरा, ५० दिवसांचे भरा आणि ९० दिवस फिरा. जितके आधी आणि जितके अधिक द्याल तितके स्वस्त. किराणा दुकानात पावशेर तेल घेणाऱ्याला डबा घेणाऱ्यापेक्षा महाग पडते, तसाच हा प्रकार.

तर मी रोज तिकीट काढू लागले. वहीत ऑगस्ट महिन्यात १४ दिवस कॉलेजला गेल्याची नोंद आहे. खर्च ५६० रुपये. म्हणजे पासापेक्षा २४० रुपये वाचले! पण ते का वाचले? तिकीट स्वस्त पडले, कारण मी कॉलेजला गेलेच नाही. रोज सकाळी ४० रुपये मागायचे म्हणजे रोज सकाळी घरात एक प्रश्न उभा राहायचा : आज काय आहे कॉलेजात? दोनच तास असले तर मलाच मागायला जड जाई. आई काही बोलत नसे, फक्त डब्याच्या झाकणाखालून नोटा काढताना थांबत असे. त्या थांबण्याने माझे कितीतरी तास बुडाले. सत्राच्या शेवटी ७५ टक्के हजेरीची यादी लागली तेव्हा माझे नाव काठावर होते.

अर्थशास्त्रात सीमांत खर्च म्हणून जी कल्पना आहे ती मला येथे नीट समजली. पास असला की आणखी एका दिवसाचा खर्च शून्य होतो. मग प्रश्न 'जाऊ का?' असा राहत नाही, 'का जाऊ नये?' असा होतो. पास असलेल्या पहिल्या महिन्यात मी २३ दिवस गेले. घरातूनही विचारणा बंद झाली. उलट एके दिवशी ताप असताना मी पडून राहिले, तर आप्पा म्हणाले, "पास वाया चाललाय तुझा." हसू आले, पण बरेही वाटले.

तो पास कसा निघाला ते सांगण्याजोगे आहे. आम्ही चौघी मैत्रिणींनी भिशी लावली. दर सोमवारी प्रत्येकीने २०० रुपये द्यायचे, जमतात ८००, त्यात एकीचा पास. चार आठवड्यांत चौघींचे पास. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला आणि शेवटची चिठ्ठी मला आली. म्हणजे पहिले तीन आठवडे भिशीचे २०० द्यायचे आणि वर रोजचे तिकीटही काढायचे! त्या काळात मी दोनदा उसने घेतले. पण पहिला फेरा पार पडला की गाडी रुळाला लागते. पुढच्या फेऱ्यात प्रत्येकीचा पास संपायच्या आत तिची पाळी येते, कारण पास ३० दिवसांचा आणि भिशी २८ दिवसांची. हे दोन दिवस सुरुवातीला आमच्या लक्षातच आले नव्हते. फुकटचे मिळाले.

सहलीसाठी पास काढावा का, हा याच प्रश्नाचा दुसरा अवतार आहे. एस.टी.ची 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना १९८८ पासून आहे. चार किंवा सात दिवसांचा पास घ्यायचा आणि वाटेल तिकडे फिरायचे. समजा चार दिवसांचा पास १,५०० रुपयांना पडला. टप्प्याला दहा रुपये, म्हणजे १५० टप्पे, म्हणजे ९०० किलोमीटर. दिवसाला सव्वादोनशे किलोमीटर फिरणाऱ्याला पास बरोबरीत येतो. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, कोल्हापूर असे देवदर्शन करणाऱ्या पुरुषाला तो सहज परवडेल. बाईचे तिकीट अर्धे असल्याने तिला बरोबरीसाठी दिवसाला साडेचारशे किलोमीटर हिंडावे लागेल. मग देवळात जायला वेळ कुठला? पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना तर एस.टी. मोफतच आहे. म्हणजे एकाच कुटुंबात नवऱ्याने पास, बायकोने तिकीट आणि आजीने नुसते आधार कार्ड घ्यावे, हे शहाणपणाचे.

युरोपात हाच खेळ मोठ्या पटावर चालतो. युरोपाबाहेरच्या प्रवाशांसाठी १९५९ मध्ये युरेल पास निघाला. १९७२ मध्ये तिथल्याच २१ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी इंटररेल निघाला, आणि आता तो सर्व वयांना मिळतो. आज या पासांवर ३३ देशांत फिरता येते. आपण भारतातून गेलो तर आपल्याला युरेल. त्यात सलग दिवसांचा एक प्रकार आणि महिन्याभरातले निवडक दिवस वापरण्याचा दुसरा. पण मेख पुढे आहे. फ्रान्स, स्पेन, इटली येथील वेगवान गाड्यांना, युरोस्टारला आणि रात्रीच्या गाड्यांना पास असूनही जागेचे आरक्षण वेगळे पैसे देऊन घ्यावे लागते. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत नुसते चढून बसता येते. उलट ज्याचा दिवस आणि वेळ पक्की आहे, त्याला महिना-दोन महिने आधी सुटे तिकीट फार स्वस्त मिळते. मात्र ते त्याच गाडीला बांधलेले असते. गाडी चुकली की पैसे गेले. तेव्हा चारपाच ठरलेल्या फेऱ्या असतील तर तिकिटे घ्यावीत, आणि रोज उठून लांबवर जायचे, तेही आयत्या वेळी ठरवायचे असेल तर पास घ्यावा.

आमच्या गावचा एक दादा शिकायला जर्मनीत आहे. सुट्टीत आला तेव्हा मी त्याला वही दाखवली. तो म्हणाला, "आमच्याकडं एकच तिकीट आहे, महिन्याचं. सगळ्या देशात चालतं, फक्त लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या सोडून." ते तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाले, २०२५ मध्ये ५८ झाले आणि जानेवारी २०२६ पासून ६३. विद्यार्थ्यांना विद्यापीठामार्फत ४० टक्के कमी दरात मिळते. मी विचारले, "मग तू रविवारी काय करतोस?" तर म्हणाला, "कुठंतरी जातो. पैसे भरलेलेच असतात ना."

आपल्या रेल्वेतही परदेशी पाहुणे व अनिवासी भारतीयांसाठी इंडरेल पास होता, तो २०१७ मध्ये बंद झाला. आपल्यासाठी मात्र चक्री तिकीट आहे. निघालो तेथेच परत यायचे आणि वाटेत आठ ठिकाणांपर्यंत उतरायचे. रेल्वेचे भाडे अंतर वाढेल तसे दर किलोमीटरला कमी होत जाते, म्हणून लांबचे एकच तिकीट तुकड्यातुकड्यांच्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडते. ५०० किलोमीटरच्या पुढच्या साध्या तिकिटावरही वाटेत एकदा आणि १,००० च्या पुढे दोनदा उतरण्याची मुभा आहे. म्हणजे एका तिकिटातच थोडासा पास दडलेला असतो.

वहीतली अलीकडची एक नोंद देऊन थांबते. गेल्या महिन्यात एका बुधवारी दोन्ही तास झाले नाहीत आणि अकरालाच मी गावाकडे परतले. दुपारी मैत्रिणीचा फोन आला की ग्रंथालयात हवे होते ते पुस्तक कुणीतरी परत केले आहे, आणि ग्रंथपाल ते पाचपर्यंतच राखून ठेवतील. जेवण करून मी पुन्हा फाट्यावर आले, मिळाली ती धाराशिवची गाडी धरली आणि साडेतीनला पुस्तक हातात होते. त्या दिवसाच्या खर्चाच्या रकान्यात मी शून्य लिहिले आहे.