बालकांचा लठ्ठपणा : धोरणाचे माप कोणाच्या हाती?

मुलाचे वजन वाढले की दोष ठरलेल्या ठिकाणी जाऊन बसतो. आजीचे लाड, आईने दिलेला डबा, मुलाच्या हातातील मोबाईल. घराचा यात वाटा आहे, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु शाळेच्या फाटकाबाहेर काय विकले जाते, पाकिटावर काय छापले जाते, कोणत्या वस्तूवर किती कर लागतो, या गोष्टी घरात ठरत नाहीत. त्या कोठे ठरतात व कोण ठरवतो, याचा विचार आपण डॉक्टर मंडळीसुद्धा क्वचितच करतो. प्रस्तुत लेखात तेवढाच एक प्रश्न घेतला आहे.

लष्कर भागातील सराफा बाजारात माझा दवाखाना आहे. येथे सोने तोलायचा काटा सराफाचा असला, तरी त्यावर नापतौल विभागाची मोहोर लागते. वजन किती भाराचे असावे, हे विकणारा स्वतः ठरवू शकत नाही, म्हणूनच गिऱ्हाईक निर्धास्तपणे व्यवहार करते. आरोग्यधोरणातही मुख्य प्रश्न मापाचाच असतो. लठ्ठ कोणाला म्हणावे, अपायकारक अन्न कोणते, ‘पौष्टिक’ हा शब्द कोणी वापरावा, या व्याख्या ज्याच्या हाती असतात, त्याच्याच हाती धोरण असते.

मुलाचे माप : वैद्यकांचे काम

पाच वर्षांखालील मुलांमध्ये अतिवजनाचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ साली २.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३.४ टक्के झाले. त्याच दुसऱ्या पाहणीत ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. कुपोषण संपलेले नाही आणि लठ्ठपणा येऊन ठेपला आहे. ‘हा श्रीमंतांचा आजार, आपल्याकडे कशाला त्याची चर्चा’ असे म्हणणाऱ्यांनी हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

हे दोन प्रश्न परस्परविरोधी नाहीत, हे पुण्याच्या संशोधनाने जगाला दाखवले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास हाती घेतला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. आपली बालके दंड, पोट, स्नायू यांत लहान होती. परंतु त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातून ‘कृश तरी मेदयुक्त’ भारतीय बालकाची कल्पना रूढ झाली. पाश्चात्त्य मोजपट्टी आपल्या मुलांना जशीच्या तशी लावली, तर धोका उशिरा लक्षात येतो, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

पुण्याचेच डॉ. वामन खाडिलकर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१५ साली पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी वाढीचे नवे तक्ते सिद्ध केले. प्रौढांसाठी प्रचलित असलेल्या २५ व ३० या बॉडी मास इंडेक्सच्या मर्यादांऐवजी आशियाई लोकांना लागू पडणाऱ्या २३ व २७ यांच्याशी समतुल्य अशा रेषा त्यांत आहेत. हे काम कोणत्या मंत्रालयात नव्हे, वैद्यकांच्या संघटनेत झाले. माप आपण ठरवू शकतो, याचे हे आपल्यासमोरील उत्तम उदाहरण.

शाळेचे फाटक : न्यायालय आणि शासन

२०१० साली दिल्लीच्या उदय फाउंडेशनने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. शाळांमध्ये व शाळांभोवती पंधराशे फुटांच्या आत जंक फूडच्या विक्रीस बंदी असावी, ही मागणी होती. खाद्यप्रक्रिया उद्योगाच्या संघटनेनेही या प्रकरणात आपली बाजू मांडली. मार्च २०१५ मध्ये निकाल लागला आणि मार्गदर्शक तत्त्वांना नियमांचे रूप देण्याचा मार्ग मोकळा झाला. दरम्यान मे २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने शासन निर्णय काढून शाळांच्या उपाहारगृहांतून अशा पदार्थांची विक्री बंद करण्यास सांगितले. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे देशव्यापी नियम सप्टेंबर २०२० मध्ये अधिसूचित झाले व जुलै २०२१ पासून लागू झाले. त्यांत अंतर आहे ५० मीटर, म्हणजे सुमारे १६४ फूट.

त्याहून महत्त्वाचे आहे ते व्याख्येत. मेद, मीठ व साखर अधिक आणि प्रथिने, जीवनसत्त्वे, तंतू कमी असलेले अन्न, असे नियम सांगतो. पण ‘अधिक’ म्हणजे शंभर ग्रॅममागे किती, हा आकडा २०२० च्या व्याख्येत नाही. मोहोर नसलेल्या वजनाने तोलावे, तसा हा प्रकार. परिणाम कोणावर होतो? कचोरीची हातगाडी एका इशाऱ्याने हलवता येते. तिचा मालक कोणाकडे दाद मागणार? पाकीटबंद पदार्थाचा उत्पादक मात्र व्याख्येवरून वाद घालू शकतो. याच नियमांनी उत्पादकांना त्या ५० मीटरच्या आत मुलांना उद्देशून जाहिरात करण्यासही मनाई केली आहे. पण या कलमाची आठवण कोणी करून दिल्याचे मी तरी फारसे ऐकलेले नाही.

पाकिटावरील शब्द

पाकिटाच्या दर्शनी भागावर इशारा असावा की नाही, हा वाद याच प्रकारचा आहे. एप्रिल २०१८ च्या मसुद्यात मेद, मीठ, साखर यांचे प्रमाण मर्यादेबाहेर असल्यास लाल खूण सुचवली होती. २०२० चे लेबलविषयक नियम आले, तेव्हा ती त्यांत नव्हती. सप्टेंबर २०२२ च्या मसुद्यात लाल खुणेच्या जागी तारे आले : पदार्थ जितका चांगला तितके अधिक तारे. यात मेख अशी की, फळे, तंतू, प्रथिने यांचे गुण साखर-मिठाच्या अवगुणांतून वजा होतात. थोडे तंतू घातले की एखादा तारा वाढू शकतो. चिली या देशाने २०१६ मध्ये निवडलेली काळी अष्टकोनी खूण अशी सवलत देत नाही. साखर जास्त असेल तर ‘साखर जास्त’ एवढेच ती सांगते. आपल्याकडे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञ समितीला काम पुरे करण्यास तीन महिन्यांची मुदत दिली व जुलैमध्ये ती वाढवून दिली. मसुद्यावर सुमारे १४,००० सूचना व हरकती आल्याची नोंद त्या आदेशात आहे. त्यांत बालरोगतज्ज्ञांच्या किती असतील, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

दुधात घालायच्या भुकटीची कथाही अशीच. अन्न सुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी संज्ञाच नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाईन विक्रेत्यांना बोर्नव्हिटासह अशी पेये या गटातून काढण्याची सूचना केली. तोवर दोन-तीन पिढ्या त्या शब्दावर विश्वास ठेवून वाढल्या होत्या.

अर्थखातेही आरोग्यखातेच

मेक्सिकोने २०१४ मध्ये गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने दरांची फेररचना केली. शीतपेये ४० टक्क्यांच्या दरात राहिली. बिस्किटे, चॉकलेट व आइस्क्रीम १८ वरून आणि फरसाण १२ वरून ५ टक्क्यांवर आले. ग्राहकाला दिलासा, हा त्यामागचा हेतू रास्त असेल. परंतु मुलांच्या खाण्यावर परिणाम करणारा हा मोठा निर्णय राज्यांच्या अर्थमंत्र्यांच्या बैठकीत झाला, आहारतज्ज्ञांच्या नव्हे.

उद्योगाचा हात आणि आपला

खाद्यउद्योग धोरणावर प्रभाव पाडतो तो नेहमी दारातून येऊन नव्हे. पुष्कळदा तो विज्ञानाच्या वेशात येतो. कोका-कोलाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १९७८ साली ‘इंटरनॅशनल लाइफ सायन्सेस इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली. तिच्या चीनमधील शाखेने तेथील लठ्ठपणाविषयक धोरणाचा रोख आहाराकडून व्यायामाकडे कसा वळवला, हे सुसान ग्रीनहाल या संशोधिकेने २०१९ मध्ये सप्रमाण मांडले. व्यायाम हवाच, पण केवळ व्यायामाचेच बोलले की बाटलीतील साखरेचे बोलावे लागत नाही.

याचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. शिशुदुग्ध पर्याय कायदा १९९२ चा. २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. शिशुआहाराचा उत्पादक डॉक्टरांच्या संघटनेला परिषदेसाठी, चर्चासत्रासाठी वा संशोधनासाठी पैसे देऊ शकत नाही. परंतु हा कायदा मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या अन्नापुरता आहे. तिसऱ्या वर्षाच्या मुलासाठीची भुकटी, बिस्किटे, सरबते यांच्या बाबतीत तो बोलत नाही. तेथून पुढे डॉक्टरांच्या विवेकावरच सारे अवलंबून.

आपण काय करावे

पहिले म्हणजे, पाच वर्षांवरील प्रत्येक मुलाची उंची व वजन नोंदवून बॉडी मास इंडेक्स तक्त्यावर मांडावा, मूल सर्दीसाठी आले असले तरी. गावातील आकडे कोणाकडे नसतील, तर गावाचे धोरण दुसराच कोणी ठरवणार.

दुसरे, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे फलक लावण्यास सांगितले आहे. आपल्या पाल्यांच्या शाळांत ते आहेत का, हे पाहावे; नसल्यास मजकूर आपण तयार करून द्यावा. ५० मीटरच्या नियमाबाबत जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना लेखी निवेदन द्यावे आणि त्यात हातगाडीबरोबरच जाहिरातीच्या फलकाचाही उल्लेख असावा.

तिसरे, नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी साधारणतः ६० दिवस मिळतात. आपल्या मंडळाने दोन-तीन सभासदांवर ही जबाबदारी सोपवावी. एक पानाचे, आकड्यांसह लिहिलेले पत्र पुरेसे आहे; उद्योगाच्या संघटना असे पत्र कधी चुकवत नाहीत.

आणि शेवटचे. मंडळाच्या कार्यक्रमांसाठी व याच स्मरणिकेसाठी मुलांच्या गोड पेयांच्या वा भुकट्यांच्या जाहिराती स्वीकारू नयेत, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मांडण्याचा माझा विचार आहे. स्मरणिकेची चार पाने त्यामुळे कमी झाली तर होवोत. त्या ठरावावर सभासदांनी मोकळेपणाने बोलावे व मतदान करावे, ही नम्र विनंती.