काठी गाडीत ठेवून या

सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीची शेवटची बरीच वर्षं चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात गेली, आधी पुणे ग्रामीणमध्ये आणि १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड आयुक्तालय सुरू झाल्यावर त्यात. साहेब बदलले, हद्दी बदलल्या, रात्रीचे कॉल तेच राहिले. कुणी पत्र्याच्या शेडवर चढून बसलाय, कुणी खोलीला आतून कडी लावून भांडी आपटतोय, कुणी तळेगाव चौकात कंटेनरपुढे हात पसरून उभा आहे. अशा वेळी काय करायचं हे मला भरतीनंतर कुणी शिकवलं नव्हतं. नोकरी संपत आली तेव्हा दोन दिवसांचं एक शिबिर झालं, बाकीचं चुका करून शिकलो. नव्या पोरांसमोर कधी बोलायला बोलावतात तेव्हा सांगतो ते हेच.

१. शेवटची कधी घेतली, हे विचारा.

माझ्या हातून झालेली ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी तीच सांगतो. मारामारीच्या गुन्ह्यात एक कंत्राटी कामगार कोठडीत होता. पहिला दिवस गुमान बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी हात थरथरायला लागले, घामाने शर्ट भिजला, आणि तो भिंतीवरून काहीतरी वेचून खाली टाकायला लागला. म्हणाला, मुंग्या आहेत. आम्ही हसलो. नाटक करतोय, जामिनाची तयारी चाललीय, असं मीच सगळ्यांसमोर म्हणालो. दुपारी त्याला झटका आला तेव्हा पळापळ झाली. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटची दारू कधी प्यायला होता?" आमच्यातल्या एकालाही सांगता येईना. माणूस वाचला, हे आमचं नशीब.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, की साधारण दोन ते चार दिवसांत हे होऊ शकतं. डॉक्टर त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि त्यात माणूस जातो. त्याच्या तोंडाला वास नसतो, म्हणून आपण फसतो. उलटंही होतं. झोकांड्या खाणारा प्रत्येक जण प्यालेला नसतो. रक्तातली साखर उतरलेली असेल, डोक्याला मार असेल, एप्रिल-मेमध्ये ऊन लागलं असेल. दारूबंदी कायद्याच्या ८५ चा कागद भरायच्या आधी डोकं चाचपून बघा, मेडिकलला न्या.

२. मॅटर लवकर संपवायची सवय मोडा.

खात्यात घाई अंगात मुरते. कंट्रोल विचारतो काय झालं, मागे हॉर्न वाजतात, ठेकेदार म्हणतो साहेब ओढून काढा. शेडवर चढलेल्या एका ओडिया पोराच्या वेळी आम्ही चार जण चार बाजूंनी ओरडत होतो. एक म्हणतो खाली ये, दुसरा म्हणतो हलू नको. पोरगं अजूनच कडेला सरकलं. शेवटी आमच्या एका नाईकाने सगळ्यांना गप्प केलं, त्या पोराच्या खोलीतला जोडीदार रात्रपाळीवरून बोलावून आणला आणि त्याला त्यांच्या भाषेत बोलू दिलं. मी घड्याळ बघत होतो. पावणेदोन तास. पोरगं उतरलं ते कुठल्या उपदेशाने नाही, तहान लागली म्हणून. खालून पाण्याची बाटली दाखवली तेव्हा.

एकाने बोलायचं, बाकीच्यांनी गर्दी मागे हटवायची, मोबाईलवर शूटिंग करणाऱ्यांना आधी. हातात हत्यार नसेल तर वेळ आपल्याच बाजूने असतो.

३. काठी गाडीत ठेवून या. बेड्याही. पालथं पाडून पाठीवर गुडघा देऊन दाबू नका, श्वास कोंडून माणूस मरतो. एवढंच.

४. कानात कुजबुज ऐकून बघा.

त्या दोन दिवसांच्या शिबिरात शिकवणाऱ्या मॅडमनी मला खुर्चीत बसवलं. दोन शिपाई माझ्या दोन्ही कानांशी वाकले, एक शिव्या देत होता, दुसरा सारखं "हे तुला मारणार आहेत" म्हणत होता. समोर तिसरा उभा राहून दरडावून विचारत होता : नाव, गाव, आधार कार्ड. गंमत म्हणून बसलो होतो. अर्ध्या मिनिटात मला माझ्या तालुक्याचं नाव आठवेना. ज्याला असे आवाज दिवसभर येतात तो आपल्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देत नाही, म्हणून आपण त्याला माजलेला ठरवतो. त्या दिवसापासून मी एका वेळी एकच प्रश्न विचारायला लागलो आणि उत्तरासाठी थांबायला लागलो.

मॅडमनी अमेरिकेतल्या मेम्फिस शहराचं सांगितलं. १९८७ मध्ये तिथे चाकू घेऊन स्वतःलाच इजा करणारा एक तरुण पोलिसांच्या गोळीने गेला. त्यानंतर १९८८ मध्ये तिथल्या पोलिसांनी रुग्णांचे नातेवाईक आणि डॉक्टर यांना बरोबर घेऊन ४० तासांचं प्रशिक्षण सुरू केलं. मला त्यातली एक गोष्ट आवडली, तिथे गस्तीवरच्यांतून स्वतःहून पुढे येणाऱ्यांना निवडतात. आपल्याकडे शिबिराला कोण जातो? ज्याला त्या दिवशी बंदोबस्त नसतो तो.

५. येरवडा हा पहिला थांबा नाही.

"येरवड्याला टाका", म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, हे आमचं पाठ वाक्य. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चं कलम १०० वाचलं तेव्हा समजलं की आपण निम्मं चुकीचं करत होतो. मानसिक आजाराने भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा किंवा स्वतःला वा दुसऱ्याला धोका असलेला माणूस ठाणेदाराने संरक्षणात घ्यायचा असतो. त्याला का घेतलं ते सांगायचं. शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं. पुढचं तिथले डॉक्टर ठरवतात. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. बेघर असेल तर मिसिंगची नोंद करून घरच्यांचा शोध घेणं हेही आपलंच काम. दारू आणि ड्रग्जच्या व्यसनातून येणारी मानसिक अवस्थाही या कायद्यात मानसिक आजारातच धरली आहे. पोलिसांना वेळोवेळी प्रशिक्षण द्या, हेही तिथे कलम ३० मध्ये लिहून ठेवलंय.

कायद्यात एक ओळ आहे, रस्त्यावर एक रात्र जाते. पुणे-नाशिक रस्त्याच्या कोंडीतून गाडी निघायची, आत दोन अंमलदार अडकलेले, आणि ठाण्यात फोन वाजतच असतो. म्हणून टाळाटाळ होते. हे कबूल केल्याशिवाय प्रशिक्षणाला अर्थ येत नाही.

६. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर कलम शोधू नका.

भारतीय दंड संहितेतल्या जुन्या कलम ३०९ चा धाक घालायची आमची रीत होती. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ने सांगितलं, तो माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ राहिलंच नाही. आत्महत्येची धमकी देऊन सरकारी नोकराला अडवणाऱ्यासाठी २२६ उरलं आहे. टाकीवर चढलेल्या प्रत्येकाला ते लावायचा मोह होतो. आवरा.

७. इथे नातेवाईक म्हणजे ठेकेदार.

एका खोलीत आठ-दहा जण, पाळीपाळीने झोपणारे. आजारी माणसाचं कोण, म्हटलं तर ठेकेदार येतो आणि म्हणतो, उद्या दुसरा माणूस देतो. त्याच्याकडून गावाकडचा नंबर मिळवल्याशिवाय त्याला सोडू नका. घरच्यांना १४४१६ द्या, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा हा नंबर फुकट आहे. व्यसनाचं असेल तर १९८६ पासून चालू असलेल्या पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव सांगा. आणि हे दोन्ही स्वतःच्या डायरीतही ठेवा. आमच्या बॅचचे दोघे ड्युटी संपली की रोज प्यायला बसायचे. त्यांना आम्ही कधी काही विचारलं नाही.

८. स्टेशन डायरीत दिसलं ते लिहा.

पूर्वी मी "एक अनोळखी वेडसर इसम" लिहून मोकळा व्हायचो. मॅडमनी ते खोडायला लावलं. मग एका रात्री महामार्गावर सापडलेल्या माणसाबद्दल लिहिलं : अनवाणी, स्वतःशी बोलतो, नाव सांगतो, गाव सांगता येत नाही, उजव्या मनगटावर गोंदण. त्या गोंदणावरून दूरच्या एका ठाण्याच्या मिसिंगशी तो जुळला. दोन महिन्यांनी रायचूरकडून त्याचा भाऊ आला. वॉर्डात त्याला भेटून मग ठाण्यात आला आणि ती नोंद दाखवा म्हणाला. मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोडक्या हिंदीत सांगत गेलो. अनवाणी म्हटल्यावर त्याने मला थांबवलं. घरातून निघाला तेव्हा पायात नवी चप्पल होती, मीच घेऊन दिली होती, म्हणाला.