वाचकांच्या सहभागाचे ग्रंथालय

ग्रंथालय म्हटले की पुस्तकांनी भरलेली कपाटे, सूचिपत्रे आणि ग्रंथपाल डोळ्यांसमोर येतात. या व्यवस्थेत ग्रंथालय माहिती देणारे आणि वाचक ती घेणारा असे. इंटरनेटवरील सहभागाच्या साधनांमुळे आता वाचकही माहिती देणारा होऊ लागला आहे. या बदलाचे महत्त्व कोलकात्याजवळील बजबज या गावाच्या इतिहासावरून चांगले लक्षात येते.

विखुरलेला इतिहास

बजबज हे हुगळी नदीच्या काठचे जुने बंदर आहे. १९१४ साली बाबा गुरुदत्त सिंग यांनी भाड्याने घेतलेले ‘कोमागाता मारू’ हे जपानी जहाज ३७६ भारतीय प्रवाशांसह कॅनडातील व्हँकुव्हर येथे पोहोचले. हे प्रवासी ब्रिटिश साम्राज्याचेच प्रजाजन होते. तरीही मोजके प्रवासी वगळता कोणालाही उतरू दिले गेले नाही. दोन महिने ताटकळल्यानंतर जहाजाला परत फिरावे लागले. २९ सप्टेंबर १९१४ रोजी ते बजबजला लागले. प्रवाशांनी खास गाडीने थेट पंजाबात जावे, अशी सरकारची इच्छा होती. प्रवासी मात्र कोलकात्याच्या दिशेने चालू लागले. त्यांना अडवून परत आणण्यात आले आणि त्यानंतर झालेल्या गोळीबारात सुमारे वीस प्रवासी मृत्युमुखी पडले.

सरकारच्या चौकशी समितीने दोषाचा मोठा भाग प्रवाशांवर टाकला. गुरुदत्त सिंग यांनी आपला वेगळा वृत्तान्त लिहिला. १९५२ साली पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बजबजच्या स्मारकाचे उद्घाटन झाले. परंतु स्मारक घटनेची आठवण जागवते, तिचे पुरावे एकत्र आणू शकत नाही. ते पुरावे भारतातील दप्तरांत, कॅनडातील संग्रहांत आणि प्रवाशांच्या वंशजांच्या घरी विखुरलेले होते. कपाटात केवळ सरकारी अहवालच उरला असता, तर पुढच्या पिढ्यांनी त्यालाच संपूर्ण सत्य मानले असते.

कपाटाबाहेरचे ग्रंथालय

कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २०१२ साली या प्रवासाला वाहिलेले संकेतस्थळ खुले केले. त्यावर छायाचित्रे, सरकारी कागदपत्रे आणि मुलाखती एकत्र ठेवल्या आहेत. बजबजच्या विद्यार्थ्याला ते साहित्य पाहण्यासाठी आता समुद्र ओलांडावा लागत नाही.

याही पुढचे पाऊल अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये टाकले होते. आपल्या संग्रहातील सुमारे तीन हजार जुनी छायाचित्रे तिने ‘फ्लिकर’ या संकेतस्थळावर ठेवली आणि लोकांना त्यांविषयी लिहिण्याचे आवाहन केले. दहा महिन्यांत सात हजारांहून अधिक अभिप्राय आले. कोणी चित्रातील माणूस ओळखला, तर कोणी ठिकाण सांगितले. ग्रंथपालांनी ही माहिती तपासून पाचशेहून अधिक नोंदी सुधारल्या. जाणत्या वाचकाकडे ग्रंथालयाला देण्यासारखे बरेच असते, हे यातून सिद्ध झाले.

मराठीतील प्रयत्न

मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. या ज्ञानकोशात कोणीही लेख लिहू शकतो आणि इतरांच्या लेखांत दुरुस्ती करू शकतो. मराठी विकिस्रोत हे त्याचे भावंड म्हणजे ग्रंथांचे भांडार होय. तेथे जुन्या पुस्तकाच्या पानाचे छायाचित्र एका बाजूस दिसते आणि दुसऱ्या बाजूस त्याचा मजकूर टंकित केला जातो. एक वाचक मुद्रितशोधन करतो, दुसरा ते पुन्हा तपासतो. मगच ते पान प्रमाणित मानले जाते. भारतात सामान्यतः लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क टिकतो. म्हणून तेथे प्रामुख्याने हक्कमुक्त पुस्तके ठेवली जातात.

अधिकार आणि जबाबदारी

सर्वांना लिहिता येते, तेथे चुकीचेही लिहिले जाऊ शकते. ऐकीव गोष्ट, रागाच्या भरात केलेला आरोप आणि पुराव्यानिशी सांगितलेली माहिती पडद्यावर सारख्याच अक्षरांत दिसतात. म्हणून माहिती कोणी दिली, तिला आधार कोणता आणि दुसरी बाजू काय, हे प्रश्न वाचकाने विचारलेच पाहिजेत. ग्रंथपालाची गरज संपलेली नाही. माहितीची पारख करण्यास शिकवणारा मार्गदर्शक म्हणून ती उलट वाढली आहे.

ज्यांच्या घरी संगणक नाही किंवा ज्यांना परकी भाषा येत नाही, त्यांना या व्यवहारात स्थान मिळणे तितकेच आवश्यक आहे. गावच्या ग्रंथालयात ही सोय झाली, तर एखाद्या शेतकऱ्याकडील जुनी सनद किंवा आजीला ठाऊक असलेली गावाची हकीकतही ज्ञानाच्या साठ्यात जमा होईल. समाजाचा इतिहास मूठभरांच्या लेखणीवर अवलंबून राहू नये, हेच सहभागाच्या ग्रंथालयाचे खरे मोल आहे.

स्वाध्याय

१. बजबजच्या घटनेचे पुरावे एकत्र आणणे का आवश्यक होते?
२. विकिस्रोतावरील पान दोनदा का तपासले जाते?
३. आपल्या गावातील एका जुन्या वास्तूची माहिती दोन व्यक्तींकडून मिळवा व तिच्यातील साम्य आणि फरक लिहा.