पानगळीचं टेबल मांडताना

वूस्टर, मॅसॅच्युसेट्स
ऑक्टोबरचा दुसरा आठवडा

चि. चिऊस,


तुझं पत्र आणि सोबतची खरेदीची यादी मिळाली. थँक्सगिव्हिंगला शेजारचं कुटुंब आणि ऑफिसातल्या मैत्रिणी तुझ्याकडे जेवायला येणार, न्यू जर्सीच्या नव्या घरातली ही पहिली पंगत, म्हणून टेबल ऋतूला साजेसं सजवायचं तुझ्या मनात आलं, हे वाचून फार बरं वाटलं. यादी मात्र बाजूला ठेव. कापडी मेपलची पानं, फोमचे भोपळे, प्लास्टिकची कणसं यातलं काहीही विकत घेऊ नकोस. याहून चांगलं सगळं तुझ्या दारात आणि जुन्या सामानाच्या दुकानात आहे.

माझं सांगणं एकच आहे. टेबलावर कुठलीही वस्तू ठेवण्याआधी ती जेवणानंतर कुठे जाणार, हे ठरव. ती मातीत जावी, स्वयंपाकात जावी किंवा रोजच्या वापरात राहावी. बेसमेंटमधल्या खोक्यात वर्षभर पडून राहणार असेल, तर आणूच नये. तुझ्या आजोळी गणपतीवर माटवी बांधतात, ती तू लहानपणापासून पाहिली आहेस. आंब्याचे टाळ, नारळ, सुपारीचे शिपटे, कवंडळं. भाद्रपदात रानात आणि परसात जे असेल तेच तिथे टांगलं जातं. माटवी पाहिली की महिना कळतो. तुझ्या टेबलाकडे पाहूनही पाहुण्यांना न्यू जर्सीतला नोव्हेंबर कळला पाहिजे.

पानांचं काम आत्ताच सुरू कर. तुमच्याकडे रंग ऑक्टोबरच्या शेवटी भरात येतो आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारपर्यंत, म्हणजे थँक्सगिव्हिंगपर्यंत, बहुतेक मेपल रिकामे होतात. दिवस लहान झाले की पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि आधीपासून आत असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र झाड तेव्हाच नव्याने बनवतं, पानात अडकलेल्या साखरेपासून. त्यामुळे दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण दहिवर गोठलेलं नाही, असे चार-पाच दिवस ओळीने गेले की मेपलखाली जा. नुकतीच पडलेली, मऊ, डाग नसलेली पानं उचल. पुसून, एकमेकांवर येणार नाहीत अशी वर्तमानपत्रात ठेव, वर जाड पुस्तकांचं वजन दे आणि सुरुवातीला एक-दोनदा कागद बदल. दहाएक दिवसांत पानं सपाट वाळतात, रंगही बराचसा टिकतो. ओकची तपकिरी, चामड्यासारखी पानं उशिरा गळतात, ती अगदी आदल्या दिवशीही मिळतील.

गोळा करताना चार गोष्टी कटाक्षाने पाळ. कुंपणावर किंवा झाडाच्या बुंध्यावर चढलेली, एका देठाला तीन पानं असलेली लालभडक वेल दिसली तर हात लावू नकोस. ती पॉयझन आयव्ही. ती आपल्या बिब्ब्याच्याच कुळातली आहे आणि बिब्बा उतावा तशीच अंगावर उतते. वाळली तरी तिचं तेल जात नाही, म्हणून ती जाळायचीही नाही. दुसरी वेल बिटरस्वीट. पिवळी टरफलं उकलून आत केशरी फळं दिसतात, इतकी देखणी की तोडायचा मोह होतोच. पूर्व आशियातून आलेली ही वेल इथली झाडं गळा आवळून मारते. सजावटीतून फेकलेल्या फळांतूनही ती पसरते. इकडे मॅसॅच्युसेट्समध्ये ती विकायलाच बंदी आहे. तिसरी गोष्ट, फांद्या आणि दगड घरात आणताना उलटसुलट करून बघ. करडा चिखल फासल्यासारखा थर दिसला तर ती लँटर्नफ्लायची अंडी असू शकतात. हा किडा या देशात पहिल्यांदा 2014 मध्ये पेनसिल्व्हेनियात सापडला आणि आता तुमच्याकडेही पसरला आहे. थर खरवडून, रबिंग अल्कोहोलमध्ये टाकून नष्ट कर. आणि चौथी, सरकारी उद्यानांतून परवानगीशिवाय काही उचलू नकोस. तुझं अंगण, रस्त्याची कड आणि शेजाऱ्यांना विचारून त्यांचं अंगण, एवढं पुरेसं आहे.

ओकखाली त्याची टोप्या घातलेली फळं, म्हणजे एकॉर्न, मिळतील. ओंजळभरच घे, खारी आणि हरणं हिवाळ्यात त्यांच्यावरही जगतात. घरी आल्यावर ती पाण्यात टाक. तरंगतील ती बहुतेक किडलेली असतात, ती काढून टाक. उरलेली पुसून ओव्हनमध्ये 200 फॅरनहाइटला दीड-दोन तास ठेव, अधूनमधून हलव. नाहीतर आतल्या अळ्या नेमक्या जेवणाच्या वेळी टेबलावर येतील.

भोपळ्यांत दोन जाती ओळखायला शीक. शोभेचे छोटे, चट्ट्यापट्ट्यांचे, गाठाळ भोपळे कडू असतात. कडू दुधीत असतं त्याच जातीचं द्रव्य त्यांत असतं, ते खायचे नाहीत. बटरनट, एकॉर्न स्क्वॉश आणि छोटा साखरभोपळा मात्र टेबलावर शोभतातही आणि खाताही येतात. तेच घे. त्यांना रंग, चमकी, वॉर्निश काही लावू नकोस. जेवणानंतरच्या शनिवारी त्याच बटरनटचे घारगे कर, बिया भाजून मीठ लाव. क्रॅनबेरी तुमच्याकडे पाइन बॅरन्सच्या पाणथळ मळ्यांत आणि आमच्याकडे केप कॉडजवळ पिकते. काचेच्या वाडग्यात नुसती भरून ठेवली की टेबलाला दुसऱ्या लाल रंगाची गरज उरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिचा मेथांबा उत्तम होतो. फुलं हवीत तर शेवंती घे, या दिवसांत प्रत्येक दुकानाच्या दारात तिच्या कुंड्या रांगेने मांडलेल्या असतात.

रंगीत दाण्यांचं मक्याचं कणीस ठेवशील तेव्हा ते कोणाचं आहे, हे तुला माहीत असू दे. मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात लावायची रीत इथल्या मूळ रहिवाशांची. मक्यावर घेवडा चढतो, घेवडा जमिनीला कस देतो आणि भोपळ्याची पानं तण दाबतात, ओल धरून ठेवतात. 1621 मध्ये प्लिमथला ज्या सुगीच्या जेवणाशी आज थँक्सगिव्हिंग जोडतात, त्यात तिथले मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकही होते. पुढे त्यांच्याच जमिनी गेल्या. म्हणून 1970 पासून त्याच दिवशी, त्याच प्लिमथमध्ये, त्यांचे वंशज आणि इतर मूळ रहिवासी शोकदिन पाळतात. पाहुण्यांपुढे तू भाषण करावंस असं मी म्हणत नाही. पण कोणी कणसाबद्दल विचारलं तर खरं ते सांग. दुसऱ्याच्या भूमीवर घर मांडणाऱ्या माणसाने एवढं तरी जाणून असावं.

आता जुन्या सामानाचं. शनिवारी सकाळी यार्ड सेल लागतात, शिवाय गुडविल किंवा साल्व्हेशन आर्मीचं दुकान जवळपास असेलच. जाताना खिशात छोटा लोहचुंबक ठेव. पितळेचं म्हणून विकलेल्या मेणबत्तीदाणीला तो चिकटला, तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. खरं पितळ जड लागतं. घरी आणून चिंच-मीठ लावलंस की उजळेल, उजळलं नाही तर वर लाखेचा थर आहे, तो तसाच राहू दे. काळे पडलेले चांदीच्या मुलाम्याचे चमचे मिळाले तर भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल पसर, त्यावर ते ठेव, बेकिंग सोडा टाकून कढत पाणी ओत. घासावं लागत नाही. काचेच्या आणि चिनीमातीच्या भांड्यांच्या कडेवरून बोट फिरव, मग बोटाच्या पेराने टिचकी मार. खणखणीत वाजलं तर घे, बद्द वाजलं तर तडा आहे.

सहा ताटल्या एकसारख्या मिळणार नाहीत, आणि त्याची गरजही नाही. सगळ्यांत एखादा रंग सामाईक असला की त्या एका घरातल्या वाटतात. सुती टेबलक्लॉथवर डाग असेल तर डागाच्या जागी बरोबर पानांची रांग येते. एक सावधगिरी मात्र हवीच. जुन्या रंगीत झिलईच्या ताटल्यांत आणि जड स्फटिकासारख्या काचेत शिसं असू शकतं. त्यांत सफरचंदं, एकॉर्न, शेवंती काहीही ठेव, पण जेवण वाढू नकोस. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात आपण आमटी ठेवत नाही, तसंच हे समज. वाढायला साध्या पांढऱ्या, हल्लीच्या ताटल्या घे.

मांडताना आधी ताटं लाव, मग वाढायच्या भांड्यांची जागा धर, आणि उरेल तिथेच सजावट कर. स्वतः खुर्चीवर बसून बघ. समोरच्या माणसाचा चेहरा दिसला पाहिजे. मधली मांडणी हनुवटीच्या वर जाऊ देऊ नकोस. वासाच्या मेणबत्त्या नकोत, त्या दिवशी घरात स्वयंपाकाचाच वास असावा. वाळकी पानं आणि ज्योत यांत चांगलं अंतर ठेव, मेणबत्त्या उंच काचेत लाव. आणि थोडी जागा मोकळी राहिली तर राहू दे. ऋतू दाखवायला पाच-सात पानं, तीन भोपळे आणि एक वाडगा क्रॅनबेरी पुरते.

शेवटी एक. पांढऱ्या ताटल्या लागतील त्याहून चार-पाच जास्तीच घे, जुन्या बाजारात त्या फार महाग नसतात. पाहुणे निघाले की प्रत्येकाच्या हाती उरलेल्या जेवणाची एक ताटली झाकून दे आणि ती परत करायची गरज नाही, असं सांग. मग पानं झुडपांखाली टाक, कणीस बाहेर खारींना टांग, भोपळा चिरायला घे. पितळी मेणबत्तीदाण्या पुसून रोजच्या वापरात ठेव. पुढच्या वर्षी दिवाळीला आणि थँक्सगिव्हिंगलाही त्या लागणारच आहेत.

या शनिवारी बाहेर पड. जावईबापूंनाही बरोबर ने, जड पुस्तकं हलवायला मदत होईल. काय काय मिळालं ते सविस्तर कळव.

तुझी,
मावशी